दृष्टिबाधित मुलांना सोबत घेऊन धावपळीचे खेळ कसे आखावेत

मुलांच्या खेळात एक जुनी सोय आहे: ज्याला नीट खेळता येणार नाही असं वाटतं, त्याला लिंबूटिंबू करायचं. तो डावात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, आणि तो असला काय नि नसला काय, डावाला फरक पडत नाही. दृष्टिबाधित मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा हीच जागा येते. कुणी त्याला कडेला बसवून गुण मोजायला सांगतं, कुणी हात धरून सगळ्यांच्या मागून चालवत नेतं. दोन्हींत माया असते, खेळ मात्र नसतो. दम लागत नाही, चुरस चढत नाही, हरल्यावर रडू येत नाही.

हे मूल धावत नाही, याचं कारण सहसा पायांत नसतं. पुढे काय आहे ते कळत नसेल तर कुणाचेही पाय आखडतात. डोळस मूल खेळताना चार गोष्टी एका नजरेत टिपत असतं: मी कुठे आहे, चेंडू कुठे आहे, बाकीचे कुठे आहेत आणि डावात आत्ता काय चाललंय. हीच चार उत्तरं कानांपर्यंत, तळव्यांपर्यंत आणि हातांपर्यंत पोचवायची, म्हणजे खेळ आखायचा. शिवाय ती मुलाला आपली आपण मिळाली पाहिजेत, दर वेळी कुणाला विचारून नव्हे. खेळ अडला की या चारांपैकी कोणतं उत्तर तुटलं ते शोधा. दुरुस्ती तिथेच करायची असते.

आधी नजर समजून घ्या

दृष्टिबाधित म्हणजे पूर्ण अंधार, असं धरून चालू नका. बहुतेक मुलांना काही ना काही दिसतं, आणि काय दिसतं त्यावर खेळाची निम्मी आखणी ठरते.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार असलेल्या मुलाला नळीतून पाहावं तसं समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. समोरून आलेला चेंडू ते झेलेल आणि बाजूने आलेल्या भिडूवर आदळेल. अंधुक उजेडात त्याची अडचण वाढते, म्हणून खेळ संध्याकाळपर्यंत लांबवू नका. उन्हातून सभागृहात आल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं द्या. ज्याच्या नजरेचा मधला भागच गेला आहे, ते मूल चेंडूकडे तिरकं बघतं. तुमच्याकडे तोंड नाही म्हणजे लक्ष नाही, असा अर्थ काढू नका. बुबुळं सतत हलत असतील तर मूल मान एका बाजूला कलती ठेवतं, कारण त्या कोनात हालचाल कमी होऊन त्याला जास्त स्पष्ट दिसतं. ‘मान सरळ कर’ म्हटलंत की हातची नजरही जाते. अंगात रंगद्रव्य कमी असलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलांना ऊन टोचतं, त्यांना काठाची टोपी आणि गडद चष्मा द्या. डोळे धड असून मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लावायला जड जात असेल, तर गजबजलेल्या पार्श्वभूमीवर चेंडू हरवतो. अशा मुलासाठी मागे मोकळी एकरंगी भिंत आणि एकाच गडद रंगाचा चेंडू ठेवा. यातल्या बऱ्याच मुलांना स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू लवकर दिसते.

दोन बाबतींत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दृष्टिपटल सुटण्याचा धोका असेल (जास्त मायनस नंबरच्या डोळ्यांत तो अधिक असतो), तर उंचावरून उड्या, डोक्याला दणका बसेल असे खेळ आणि डोक्याने चेंडू मारणं चालेल का, हे विचारून घ्या. काचबिंदू असेल तर डोकं खाली आणि पाय वर अशा स्थितींबद्दल विचारा, कारण त्या वेळी डोळ्यातला दाब वाढतो. एकाच डोळ्याने दिसत असेल तर तो एक डोळा जपणं सर्वांत महत्त्वाचं. पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा, पट्टीने डोक्याला घट्ट बसणारा खेळाचा चष्मा घातल्याशिवाय चेंडूच्या खेळात उतरवू नका.

शेवटी मुलालाच विचारा: ‘हा चेंडू किती लांबपर्यंत दिसतो? उन्हात बरं पडतं की सावलीत?’ चेंडू हातात घेऊन एकेक पाऊल मागे सरा. मूल ‘आता नाही’ म्हणेल ते अंतर लिहून ठेवा.

पायांना वाचता येईल असं मैदान

जागा लहान घ्या. आठ-दहा मुलांना बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद जागा पुरते. मैदान मोठं झालं की आवाज विरतो, कडा लांब जातात आणि मूल मधोमध उभं राहून गोंधळतं. सीमारेषेच्या पलीकडे चारही बाजूंना निदान तीन मीटर काहीही नको: बाक, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, खांब, काहीही. धावत आलेलं मूल रेषेवर एका क्षणात थांबत नाही.

गुळगुळीत फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर पायांना कळणारी रेषा अशी बनते:

१. साधारण ३ मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, ती चिकटपट्टीखाली सरकते.
२. जमीन कोरड्या फडक्याने पुसून घ्या. धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच डावात उचलली जाते.
३. दोरीचं एक टोक चिकटवा, ती ताणून सरळ करा, दुसरं टोक चिकटवा.
४. वरून ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी लावा. पट्टीचा रंग जमिनीच्या उलट हवा: फिकट जमिनीवर काळी किंवा गडद निळी, गडद जमिनीवर पिवळी.
५. दोन्ही अंगठे दोरीच्या दोन्ही अंगांना टेकवून पूर्ण लांबीभर दाबत जा. मधे उंचवटा ठसठशीत उभा राहिला पाहिजे. हे दाबणं राहिलं की पट्टी सपाट तंबूसारखी बसते आणि पायांना काही कळत नाही.
६. जिथे थांबायचंच आहे, अशा शेवटच्या रेषेला दहा सेंटिमीटरवर दुसरी समांतर रेषा घाला. एक उंचवटा म्हणजे ‘रेषा’, दोन म्हणजे ‘थांब’.

पूर्ण झाल्यावर स्वतः डोळे मिटून त्यावरून पाय फिरवा. जाड तळाच्या बुटांत ही रेषा जाणवत नाही. अनवाणी किंवा पातळ तळाच्या बुटांत खेळवा.

मातीवर ही युक्ती चालत नाही. तिथे पृष्ठभागच बदला: मातीला लागून एक मीटर रुंद वाळूचा, गवताचा किंवा खडबडीत चटईचा पट्टा. एक मीटर यासाठी की धावत्या पायाचं निदान एक पाऊल त्यावर पडायलाच हवं. अरुंद पट्टा ओलांडून पाय पुढे जातो. चटई असेल तर तिच्या कडा सगळीकडून चिकटवा, नाहीतर तीच पायात अडकते.

डोक्याच्या उंचीवर काय आहे ते बघायचं बहुतेक जण विसरतात. पांढरी काठी जमिनीजवळचं सांगते, पण पुढे आलेली फांदी, भिंतीवरची पेटी, जिन्याची तिरकी खालची बाजू तिला कळत नाही. दोन मीटरपेक्षा खाली लोंबणारं काहीही खेळाच्या वाटेत नको. झोपाळे असतील तर त्यांच्या पल्ल्यात कुणी चालत येणार नाही अशी जमिनीवरची खूण करा. टांगणीचा बिंदू जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकंच मागे मोकळं ठेवायचं, आणि त्या हद्दीपाशी पृष्ठभाग बदलायचा.

उजेड ही थोडं दिसणाऱ्या मुलांसाठी मोठी गोष्ट आहे. चकचकीत फरशीवर उजेडाची तिरीप पडली की रेषा आणि चेंडू दोन्ही त्यात बुडतात. त्या खिडकीला पडदा ओढा. आणि सूचना देताना खिडकीकडे किंवा सूर्याकडे पाठ करून उभे राहू नका. मुलाला तुमच्याऐवजी नुसता झगमगाट दिसतो.

मैदान तयार झालं की मुलाला ते सगळ्यांच्या आधी, शांतपणे दाखवा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मूल तुमचं कोपर धरेल (लहान असेल तर मनगट) आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालाल. पाठीमागून खांद्याला धरून ढकलायचं नाही. तसं केलं की आपण कुठे चाललोय हे मुलाच्या हातात राहत नाही. आधी चारही कडांनी फेरी, एकेका कडेची पावलं मोजत. मग मधून आडवं, मग उभं. एक ठिकाण ‘घर’ ठरवा. दाराजवळचा कोपरा असेल किंवा सतत तालात टकटक करणारं एखादं घड्याळ ठेवलेली जागा असेल. त्यानंतर दूर व्हा आणि मुलाला एकट्याने घरापासून समोरच्या रेषेपर्यंत जाऊन परत यायला सांगा. हा शेवटचा टप्पा गाळला तर मैदान तुमच्या डोक्यात राहतं, मुलाच्या नाही. नंतर एखादी वस्तू हलवलीत तर मुलाला सांगा. न सांगता सरकवलेला बाक त्याचा सगळ्या मैदानावरचा विश्वास घालवतो.

आवाज: इथे सर्वांत जास्त चुका होतात

‘चेंडूत घुंगरू घातले, झालं काम’ ही समजूत घेऊन सुरुवात केली की हमखास अडतं. आवाज असणं वेगळं आणि तो कुठून आला हे कळणं वेगळं.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. पण अगदी समोरून किंवा अगदी मागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. त्यामुळे एखादी टाळी वाजवली की मूल पुष्कळदा उलटीकडे तोंड करतं. मान वळवली की शंका फिटते, म्हणून आवाज मान वळवून होईपर्यंत चालू राहिला पाहिजे. एक टाळी पुरत नाही. ‘टप्-टप्-टप्’ अशा सलग टाळ्या पुरतात. ‘इकडे ये!’ असं एकदा ओरडण्यापेक्षा ‘ये-ये-ये-ये’ चालतं. आणि एकाच सुरातल्या बीपपेक्षा खडखड, टाळी, खुळखुळा यांची दिशा लवकर कळते, कारण त्यांत बारीक आणि जाड स्वर एकत्र मिसळलेले असतात आणि कानाला धागेदोरे जास्त मिळतात.

आता चेंडू. घुंगरांचा चेंडू फिरतो तोवर वाजतो. हवेत सरळ उडाला की जवळजवळ गप्प होतो, आणि थांबला की पूर्ण गप्प. त्यावरून तीन नियम निघतात. चेंडू उडवायचा नाही, जमिनीवरून घरंगळवायचा, फार तर टप्पे देत. चेंडू थांबला तर जो सर्वांत जवळ आहे त्याने जमिनीवर हाताने थोपटत राहायचं, मग तो कोणत्याही संघाचा असो. आणि चेंडूतली थोडी हवा कमी करायची. अंगठ्याने दाबल्यावर एखादा सेंटिमीटर आत जावा इतका मऊ ठेवला की तो हळू घरंगळतो, आणि तेवढ्या वेळात कान त्याला पकडतो.

वाजणारा चेंडू हाताशी नसेल तर नेहमीचा चेंडू पातळ, करकर वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट गाठीने बांधा आणि गाठीजवळून उरलेला भाग कापा. जमिनीवर तो चांगला खुसखुसतो. जाड पिशवी वाजत नाही, सैल पिशवी पायात येते, आणि खरखरीत जमिनीवर पिशवी लवकर फाटते, तेव्हा दोन-तीन जादा ठेवा. अगदी लहान मुलांच्या हाती मोकळ्या पिशव्या किंवा फुटलेल्या फुग्याचे तुकडे लागू देऊ नका, श्वास अडकण्याचा धोका खरा असतो.

दुसरी अडचण बाकीच्या गोंगाटाची. घुंगरू वाजतोय, कडेला दोघं गप्पा मारताहेत, कुणी ‘पळ पळ’ ओरडतंय, मागे गाणी लागली आहेत: यातलं एकच ऐकू येईल, आणि ते बहुधा चेंडू नसेल. म्हणून चेंडू चालू असताना सगळे गप्प, हा नियम. आरडाओरडा, टाळ्या, नाच, सगळं गुण झाल्यावर, आणि तेव्हा मात्र मनसोक्त. मोठ्या रिकाम्या सभागृहात प्रतिध्वनीमुळे चेंडू दोन ठिकाणी असल्यासारखा वाटतो. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर गाद्या उभ्या करा किंवा जाड पडदे सोडा. बाहेर वारा असेल तर आवाज देणारा वारा जिकडून येतो त्या बाजूला उभा करा, म्हणजे आवाज मुलाकडे वाहत येईल.

शिट्टी एकाच कामासाठी राखून ठेवा: एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं. खेळ सुरू करायला, बोलावायला, गुण द्यायला शिट्टी वापरू नका. धोक्याच्या क्षणी तिचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

‘असं कर’ म्हणजे कसं?

खेळ शिकवताना आपल्या तोंडी ‘असं’, ‘इकडे’, ‘तिथे’, ‘त्याच्यासारखं’ हे शब्द सतत येतात. हे शब्द डोळ्यांसाठी आहेत. हात पुढे करून ‘असा टाक’ म्हटलं की दृष्टिबाधित मुलापर्यंत फक्त ‘टाक’ पोचतं.

चेंडू घरंगळवायला शिकवताना असं सांगता येईल: ‘डावा पाय एक पाऊल पुढे. दोन्ही गुडघे वाकव, इतके की डावा हात डाव्या गुडघ्याला टेकेल. चेंडू उजव्या हातात, हात मागे ने, मनगट कमरेच्या मागे गेलं पाहिजे. आता हात पुढे आण आणि बोटं जमिनीला लागली की सोड.’ इथे प्रत्येक वाक्याला एक खूण आहे, ती मूल स्वतःच्या अंगावर तपासू शकतं: हात गुडघ्याला लागला का, बोटं जमिनीला लागली का. चेंडू उडून गेला तर बहुधा हात जमिनीला लागायच्या आधी सुटलेला असतो. तेवढंच पुन्हा करून घ्या, सगळी कृती पहिल्यापासून सांगत बसू नका.

शब्द पुरले नाहीत तर तुमची कृती मुलाला हातांनी पाहू द्या. तुम्ही हळू फेकत असताना मुलाचा हात तुमच्या दंडावर, मग गुडघ्यावर. त्यानेही जमलं नाही तर तुमचा हात मुलाच्या हाताखाली ठेवून सोबत फिरवा. हाताखाली यासाठी की त्याला नको वाटलं तर हात काढून घेता येतो. मुलाचं मनगट वरून पकडून हलवलं की ते अंग ताठ करतं. स्पर्शाआधी विचारा: ‘तुझा खांदा धरू का?’ कानही कमजोर असतील तर ‘थांब’, ‘सुरू’, ‘वळ’ यांसाठी पाठीवरच्या स्पर्शाच्या खुणा आधी ठरवून घ्या.

नाव आधी, सूचना मागून. ‘थांब, सायली’ म्हटलं तर ‘थांब’ कुणासाठी होतं हे कळेपर्यंत चार पावलं पडलेली असतात. ‘सायली, थांब’ म्हणा. आणि मुलाजवळून निघताना ‘मी चाललो’ असं सांगून निघा, रिकाम्या हवेशी बोलत राहण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

मोकळं धावणं

ज्या मुलाला पूर्ण वेगाने धावायला कधी मिळालंच नाही, त्याची चाल पुष्कळदा पाय फाकवून, पाऊल सपाट टेकवत, पुढचं चाचपडत अशी असते. समतोल राखण्याच्या कामात डोळ्यांचा मोठा वाटा असतो; तो नसला की शरीर पाया रुंद करून घेतं. ही सवय ‘नीट धाव’ म्हणून जात नाही. पुढे काही नाही याची खात्री पटली की पाय आपोआप मोकळे होतात. त्यासाठी दोरीचा मार्ग फार उपयोगी.

वीसेक मीटर अंतरावर दोन भक्कम खांब घ्या आणि त्यांना गादी किंवा फोम गुंडाळा. मुलाच्या कमरेच्या उंचीवर दोरी बांधा, पण बांधण्याआधी तिच्यात दहा सेंटिमीटर लांबीचा गुळगुळीत पाइपचा तुकडा ओवा. पाइपला वीतभर लांबीचा पट्टा बांधा, मूल तो पट्टा धरून धावेल आणि पाइप सोबत सरकत जाईल. थेट दोरी धरली तर तळवा भाजतो आणि हाताचा झोका बंद होतो. दोन्ही टोकांच्या तीन मीटर आधी पाइप अडेल अशी जाड गाठ मारा. पाइप गाठीला लागला की पट्टा हाताला हिसका देतो, आणि मुलाला कळतं की आता थांबायचं. गाठ खांबाच्या फार जवळ मारली तर हिसका बसेपर्यंत खांब आलेला असतो.

दोरी कडक ताणा. मधे झोल पडला तर मूल बाजूला ओढलं जातं आणि वाकडं धावतं. पहिल्या वेळी चालत जा, मग भरभर, मग धावत. डोळस मुलांनीही याच दोरीवर शर्यत लावावी. काम संपल्यावर दोरी लगेच सोडून ठेवा. कमरेच्या उंचीची मोकळी दोरी लहान मुलाच्या गळ्याच्या उंचीला येते.

जोडीने धावायचं असेल तर हातभर लांबीच्या दोरीचं एकेक टोक दोघांच्या हातात. सोबती शेजारी धावतो, पुढे नाही, आणि ओढत तर मुळीच नाही. तो मुलापेक्षा वेगवान हवा, नाहीतर त्याला धाप लागल्यावर बोलणं बंद पडतं. ‘सरळ… सरळ… पाच पावलांवर डावं वळण… वळ… सरळ.’ सोबती दर डावाला बदला, म्हणजे हे काम एकाच मुलाच्या माथी बसत नाही आणि दृष्टिबाधित मुलाचीही सगळ्यांशी ओळख होते.

पकडापकडी, नव्याने मांडलेली

नेहमीची पकडापकडी मुळात का फसते? सगळे सगळ्या दिशांना पळतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याला घुंगरू बांधले तरी बाकीचे पळणारे ऐकू येत नाहीत आणि टकरा होतात. म्हणून दिशाच बांधून टाकायच्या.

मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. दोन्ही टोकांना दुहेरी दोरी-रेषा, त्यांच्या पलीकडे तीन मीटर मोकळं. बरोबर मधोमध आडवी एकेरी दोरी-रेषा. राज्य असलेला गडी याच रेषेवर राहतो, पायाने ती चाचपत डावी-उजवीकडे सरकतो; रेषा सोडून पुढे-मागे यायला त्याला परवानगी नाही. लांबीच्या दिशेने दोन-दोन मीटरच्या चार वाटा. एका वेळी दोघंच धावतात, दोन वेगवेगळ्या वाटांतून आणि एकाच दिशेने. दोघांच्याही मनगटाला घुंगरू, राज्य असलेल्याच्या मनगटाला खुळखुळा. म्हणजे आवाजावरूनच कोण कोण आहे ते वेगळं कळतं. प्रत्येक धावणाऱ्याचा एक भिडू त्याच्या वाटेच्या टोकाशी, दुहेरी रेषेच्या तीन मीटर मागे आणि वाटेच्या किंचित बाजूला उभा राहून सलग टाळ्या देतो. बरोबर समोर उभा राहिला तर धावणारा त्याच्यावरच जाऊन आदळतो.

पंच विचारतो ‘तयार?’ तिघंही ‘तयार’ म्हणतात. ‘चला’ म्हटलं की धाव. रेषा गाठली तर एक गुण. खांद्यापासून कमरेपर्यंत उघड्या तळव्याने स्पर्श झाला तर आउट, आणि आउट होणाऱ्यावर राज्य. राज्य असलेल्याने दोन्ही हात छातीसमोर लांब ठेवायचे. त्यामुळे आधी हात लागतात, डोकी लागत नाहीत. प्रत्येक धावेनंतर पंच मोठ्याने सांगतो: ‘दोन नंबरच्या वाटेतून पोचला, तीन नंबरची आउट, गुण चार-तीन.’ हे सांगणं चुकवू नका. बाकीच्यांनी डाव पाहिलेला असतो, दृष्टिबाधित मुलाला तो या एका वाक्यातून कळतो.

काय बिघडतं तेही सांगतो. डोळस मुलं घुंगरू मुठीत दाबून चवड्यांवर हळूच सटकतात. तेव्हा नियम: घुंगरू गप्प झाला तर आउट. राज्य असलेलं मूल गोंधळून मधेच उभं राहत असेल तर एका वेळी एकालाच धावू द्या आणि चार-पाच फेऱ्यांनंतर पुन्हा दोघं करा. दृष्टिबाधित मूल दर वेळी आउट होत असेल तर त्याला फुकटचे गुण वाटू नका, राज्य असलेल्याचा सरकण्याचा पल्ला दोन वाटांपुरता करा, आणि तो सगळ्यांसाठी करा. दहा मिनिटांनी विश्रांती घ्या. कान लावून खेळणं पायांपेक्षा डोक्याला जास्त थकवतं, आणि थकलेलं मूल आधी दिशा चुकतं, मग पडतं.

तयार खेळांतून उचलण्यासारखं

गोलबॉल हा मुळातच आवाजावर रचलेला खेळ. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी हान्स लोरेन्त्सेन आणि सेप राइंडले यांनी १९४६ मध्ये तो मांडला आणि १९७६ च्या टोरांटो पॅरालिंपिकपासून तो पदकांसाठी खेळला जातो. मैदान १८ बाय ९ मीटर, प्रत्येक बाजूला तिघं, गोल पूर्ण नऊ मीटर रुंद, चेंडू सव्वा किलोचा आणि आत घुंगरू. त्यातल्या रेषाही दोरीवर पट्टी लावूनच काढतात. चेंडू जमिनीला लागत गेलाच पाहिजे, आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं. मुलांसाठी हलका चेंडू आणि निम्मं मैदान घ्या. सव्वा किलोचा चेंडू लहानग्याच्या पोटावर आदळला तर ते चेंडू अडवण्यासाठी पुन्हा आडवं पडायला तयार होत नाही.

अंधांच्या फुटबॉलमधली उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे बोलण्याची सक्ती. चेंडू असलेल्याच्या अंगावर जाणाऱ्याने ‘वॉय’ म्हणायचं, नाहीतर फाउल. आपल्या खेळांत ‘आलो’ हा शब्द ठरवून घ्या, टकरा लगेच कमी होतात. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू हात खालून आणून टाकतात आणि त्याआधी ‘रेडी?’ असं विचारून फलंदाजाच्या ‘यस’ची वाट बघतात. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात आणि पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यावर घेतलेला झेलही झेलच मानतात. मिश्र गटात अशी तजवीज उपयोगी पडते, अट एवढीच की नियम डावाच्या आधी जाहीर झालेला असावा. डाव चालू असताना दयेने दिलेली सूट मुलाला बरोबर कळते आणि लागते.

सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी का?

गोलबॉलमध्ये सगळेच डोळे झाकतात, आणि तिथे ते योग्यच आहे. थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा त्यामुळे बरोबरीला येतात. पण ‘त्यांना कसं वाटतं ते अनुभवा’ म्हणून डोळस मुलांना अचानक पट्टी बांधून मैदानात सोडणं टाळा. दोन मिनिटांच्या अंधारात ती घाबरतात, धडपडतात आणि ‘न दिसणं म्हणजे काहीच न जमणं’ एवढंच शिकतात. जे मूल वर्षानुवर्षं कानांनी जग ओळखतंय त्याचं कसब त्यांना त्यातून दिसत नाही. पट्टी वापरायचीच असेल तर बसून सुरुवात करा: वर्तुळात बसून एकमेकांकडे चेंडू घरंगळवायचा आणि आवाजावरून थांबवायचा. इथे दृष्टिबाधित मूल सर्वांत तरबेज असतं, शिकवण्याचं काम त्याच्याकडे द्या. पट्टी नको म्हणणाऱ्यावर सक्ती नको. थोडं दिसणाऱ्या काही मुलांना उरलेली नजर झाकायची भीती वाटते.

पांढरी काठी वापरणाऱ्या मुलाला ती कुठे ठेवायची हे स्वतः ठरवू द्या, आणि ठेवली की कुणीही ती हलवायची नाही. मैदानावर ‘घर’ ठरवलेल्या जागी उभी टेकवून ठेवली तर खेळ संपल्यावर हात थेट तिच्यावर जातो.

खेळानंतर मुलाला दोन प्रश्न विचारा: ‘कुठे थांबावंसं वाटलं?’ आणि ‘कुठला आवाज हरवला?’ उत्तरं मैदानाच्या नकाशावर फुल्या मारून लिहा. ‘तिसऱ्या वाटेच्या शेवटी टाळी ऐकू आली नाही’ असं आलं तर पुढच्या वेळी तिथला टाळ्या देणारा बदला किंवा त्याच्या मागच्या भिंतीला गादी लावा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते समजेल.